दीक्षाचं घर

पद्माबाईच्या डोळ्यात पाणी बघायचं असंल तर कांदाच चिरावा लागतो, असं मी एकदा शाळेत सगळ्यांपुढं बोलून गेले आन् माझी मलाच लाज वाटली. पण खोटं न्हाई बोलले. सात वर्सं झाली, तिच्यात आन् माझ्यात एकच चूल हाय, एकच पातेलं हाय. कळमनुरीपासून कोसभर आत आमचं गाव. गावात झेडपीची चौथीपर्यंतची शाळा, आन् त्या शाळेत दुपारची खिचडी शिजवणाऱ्या आमी दोघी. मी रूपाबाई. माझं तोंड चालतं. ती पद्माबाई. तिचं चालत न्हाई.

तिचं बोलणं म्हणजे काय, तर व्हय आन् न्हाई. "पद्माबाई, मीठ टाकलं का?" "व्हय." "जेवलीस का?" "व्हय." "आगं, त्या पोरानं तुझ्या लुगड्यावर वरण सांडलं, दे की एक रट्टा!" "ऱ्हाऊ दे." मला तर कधी कधी असं व्हायचं की हातातला झारा हाणावा हिच्या डोक्यात, निदान "आई गं" तरी म्हणंल. माणूस हाय का भिंत?

ती कामाला लागली तेव्हा आमच्या आळीतल्या चार-पाच घरच्या लेकरांनी घरून डबे आणायला सुरू केलतं. बौद्ध वस्तीतल्या बाईच्या हातचं खायचं न्हाई, असं त्यांच्या आयांनी शिकवलेलं. म्या त्या आयांना काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं न्हाई. पद्माबाई काय म्हणली? "ऱ्हाऊ दे." दोन महिन्यांनी तिच्या फोडणीच्या वासानं डबे आपोआप बंद पडले. तेव्हा बी ती हसली न्हाई.

जन्मापासून ती अशी नव्हती. अकरा वर्सांमागं तिची पोरगी गेली. दीक्षा नाव. नऊ वर्साची, ह्याच शाळेत चौथीत. ताप आला, अंगावर काढला, मग दवाखान्यात नेलं, आन् तिसऱ्या दिवशी खेळ खल्लास. पद्माबाईचा नवरा प्रेमानंद खंदारे, गवंडीकाम करतो. सुपारीच्या खांडाचं बी यसन न्हाई, सरळ गडी. पोरीची माती करून आला आन् तिचं दप्तर, शाळेचे कपडे, पाटी, फोटो, जे हाताला लागलं ते गाठोड्यात बांधून नदीला सोडून आला. मग दारात उभा राहून म्हणला, "आता ह्या घरात तिचं नाव काढायचं न्हाई."

काढलं न्हाई. अकरा वर्सं! धाकटा बुद्धभूषण तेव्हा तीन वर्साचा व्हता, आता वसमतला वसतिगृहात राहून शिकतो. आपल्याला एक ताई व्हती हे त्याला आई-बापानं सांगितलेलं न्हाई. गावानं बी काही दिवस सांभाळलं, नंतर गाव इसरलं. गावाचं काय, गावाला रोजचं नवं लागतं.

मी एकदा तिला इचारलं, तांदूळ निवडता निवडता. म्हणलं, "पद्माबाई, ह्याच शाळेत पोरगी बसायची तुझी. रोज इथं यायचं, तुला तकलीफ होत न्हाई?"

तिनं खडा उचलून बाजूला टाकला. "न्हाई."

"जरा बी न्हाई?"

"काहीच होत न्हाई, रूपाबाई. पहिलं व्हायचं. आता आत काही हाय का न्हाई तेच कळत न्हाई."

तिच्या तोंडून एका दमात मी ऐकलेलं सगळ्यात मोठं बोलणं ते. 

आता शाळेचं सांगते. दोन वर्सांमागं करुणा मॅडम बदलून आल्या. वसमतकडच्या, अंगानं काडी, पण कामाला वाघीण. त्यांनी पोरांचं मंत्रिमंडळ केलं. तशी मंत्रिमंडळं सगळ्याच शाळांत असतात, भिंतीवर नावं लिहायची आन् मोकळं व्हायचं. मॅडमचं तसं न्हाई. ह्यांच्याकडं पोरं खरोखरच ठरवतात. पाणी प्यायची घंटा किती वाजता द्यायची ते पोरं ठरवतात. परसबागेत मेथी लावायची का पालक, त्याच्यावर मतदान होतं. आरोग्यमंत्री सगळ्यांची नखं तपासत हिंडतो, स्वतःचं नाक गळत असतं त्याचं. आन् मुख्यमंत्री राधिका. नामाजी मेंढकेची नात, चौथीतली, दोन येण्या घट्ट, आवाज भोंग्यासारखा. आजा शेळ्या-मेंढ्या हाकतो आन् ही शाळा हाकती.

त्या राधिकेनं डिसेंबरात काढलं की गावातल्या हरेक घरावर त्या घरच्या पोरीच्या नावाची पाटी लावायची. घरं सगळी बापाच्या नावानं, आजाच्या नावानं. पोरीचं नाव कुठंच न्हाई. तर "अमकीचं घर" अशी पाटी. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, वाजतगाजत लावायच्या. मॅडम म्हणल्या, "तुम्हीच ठरवा कसं करायचं." पोरांनी नियम केले. पहिला, आपल्या आळीची माहिती आपण घ्यायची न्हाई, दुसऱ्यांच्या आळीत जायचं, म्हणजे ओळखी व्हतील. दुसरा, गावातल्या सगळ्या पोरी घ्यायच्या, लग्न होऊन गेलेल्या बी. आन् तिसरा, जिचं नाव तिनंच पाटीचा खिळा ठोकायचा. ती गावात नसंल तर तिच्या आईनं.

पाट्या कशाच्या? आमच्या खिचडीच्या तेलाचे रिकामे डबे. गावातल्या वेल्डिंगवाल्यानं पत्रे कापून, कडा दुमडून दिले. पोरांनी पिवळा रंग मारला आन् वर निळ्या अक्षरांनी नावं. कामं बघावी तर दृष्ट लागंल अशी.

आता घोटाळा कुठं झाला ते ऐका. बौद्ध वस्तीत माहिती घ्यायला गेली राधिका आन् तिची टोळी. खंदाऱ्याच्या घराला कुलूप. प्रेमानंद कामावर, पद्माबाई माझ्यासोबत चुलीपुढं. दोनदा गेली, दोन्ही टायमाला कुलूप. माहिती घरी जाऊनच घ्यायची म्हणून शाळेत पद्माबाईला इचारावं हे कुणाच्या डोक्यात आलं न्हाई. मग ज्या घरांची माहिती मिळाली न्हाई त्यांच्यासाठी पोरांनी शाळेचं दाखल-खारीजचं रजिस्टर काढलं. त्यात दीक्षा प्रेमानंद खंदारे, पहिलीत दाखल. शाळा कधी सोडली, काहून सोडली, तो रकाना कोरा. त्या वेळच्या गुरुजींचा हात झाला नसंल लिहायला, का इसरले, देव जाणे. पोरांनी हिशेब केला, वीस वर्साची असंल आता ताई, लग्न झालं असंल. मॅडम नव्या, त्यांना काय ठाऊक? मंत्रिमंडळ दहा वर्साचं, त्यांच्या जन्माआधीची गोष्ट.

पाट्या वाळायला आमच्या सैपाकखोलीच्या ओट्यावर मांडलेल्या. २ जानेवारीची दुपार. मी भांडी घासायला बाहेर आले आन् पिवळ्यावर निळं वाचलं, दीक्षाचं घर. मागं बघते तर पद्माबाई. सातवी शिकलेली ती, माझ्याआधी वाचलं असंल. चुलीचा धूर त्या बाजूला जात व्हता. तिनं वाकून ती एकच पाटी उचलली, उन्हाच्या बाजूला नेऊन ठेवली, आन् आत गेली.

मला मॅडमला सांगता आलं असतं. चार पावलांवर वर्ग. "मॅडम, ही पोरगी वारलेली हाय," एवढंच तर सांगायचं व्हतं. न्हाई सांगितलं. खरं सांगते, माझ्या मनात आलं की होऊन जाऊ दे एकदा काय व्हायचं ते. हिच्या आत काही जितं हाय का मेलं हाय ते तरी कळंल. लोक म्हणतील, वा गं शहाणे. म्हणा. रातभर मला बी झोप लागली न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी निघाली. पुढं डफ, मागं पोरं, पाट्यांची चळत डोक्यावर घेतलेली. आमी दोघी गूळ-शेंगदाण्याचं टोपलं घेऊन मागून. एकेक घर होत गेलं. हातोडी त्या त्या पोरीच्या हातात, कुणाच्या खिळा वाकडा, कुणाचा बाप फोटो काढून राहिलेला. सासरी गेलेल्या पोरींच्या आयांनी ठोकलं. एका म्हातारीनं तर सहा पोरींच्या नावाची पाटी लावून घेतली, म्हणली, "माझ्या नावाची पाटी कुठं लावू? माझ्या आईचं घर पडलं." पोरं हसली. मी हसले. पद्माबाई गूळ वाटत राहिली.

मग खंदाऱ्याचं घर आलं. नेमका प्रेमानंद घरी. ओट्यावर बसून थापीचा दांडा बसवत व्हता.

राधिका पुढं झाली. "काका, जय भीम. दीक्षाताईची पाटी आणली."

त्याच्या हातातला दांडा तसाच राहिला. डफ वाजत व्हता, तो बी हळूहळू थांबला. त्या आळीतल्या मोठ्या माणसांना कळलं, पोरांना न्हाई.

"आमच्यात पोरगी न्हाई," तो म्हणला.

"हाय की काका. रजिस्टरात हाय. तुमचंच नाव हाय म्हागं."

"न्हाई म्हणलं ना, बाई. जा पुढच्या घरी."

"असं कसं न्हाई? रजिस्टर काय खोटं बोलतं का?" राधिकेला खोटं खपत न्हाई. ती मागं वळली आन् पद्माबाईला म्हणली, "काकू, तुमी सांगा. हाय का न्हाई दीक्षाताई?"

वाटलं, हिनं आता "ऱ्हाऊ दे" म्हणावं आन् सुटावं सगळ्यांनी.

पद्माबाईनं टोपलं खाली ठेवलं. "व्हती," ती म्हणली. "वारली, लेकरा. तुझ्याएवढी व्हती."

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "चला, चला पोरांनो," करायला लागल्या. पोरं हलली. राधिका हलली न्हाई. पाटी छातीशी धरून उभी. तिच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत व्हतं सगळं कपाळावर.

"पण मॅडम," ती म्हणली, "आपल्या नियमात सगळ्या पोरी असं हाय. जितीच पायजे असं कुठं लिवलंय?"

पद्माबाईनं हात पुढं केला, हातोडी मागितली. प्रेमानंद उठला. "पद्मा, नको." हळूच म्हणला, रागावून न्हाई. तिनं त्याच्याकडं बघितलं न्हाई. तो दोन पळ थांबला, घरात गेला आन् मागच्या दारानं निघून गेला.

भिंतीचा गिलावा त्यानंच केलेला, पक्का. पहिला खिळा वाकला. दुसरा उडून नालीत गेला. तिसरा बसला. पाटी जराशी तिरकी लागली. मी म्हणलं, आता फुटंल बांध, आता बसंल ही खाली, आन् मी पदर खोचून तयार राहिले धरायला. ती हातोडी राधिकेच्या हातात देऊन म्हणली, "चला, खिचडी टाकायची हाय."

बस्स. एवढंच.

मला काय राग आला म्हणून सांगू! कुणाचा ते बी कळंना. गावात दोन-चार तोंडं वाजली, मेलेल्याचं नाव दारावर लावत असतात का म्हणून. त्यांची म्या भर नळावर चांगली उतरवली. मॅडम सैपाकखोलीत येऊन हात जोडून रडल्या, "माझी चूक झाली, मावशी." पद्माबाई म्हणली, "ऱ्हाऊ द्या, मॅडम," आन् डाळ धुवायला घेतली. चार दिवस गेले. प्रेमानंदानं पाटी काढली न्हाई, पण पुढच्या दारानं येणं-जाणं सोडलं. मागच्या दाराला गटारीचा चिखल, त्याच्यातून सायकल उचलून न्यायचा. बायकोशी अक्षर बोलायचा न्हाई. ती बी न्हाई. म्या तिला इचारलं, "पाटीकडं बघून काही वाटतं का?" म्हणली, "न्हाई. पत्रा हाय."

पोरांचं काम मात्र अजून संपलं नव्हतं. त्यांना वऱ्हांड्यात भित्तिपत्रक लावायचं व्हतं, पाटीवरच्या हरेक पोरीची माहिती. पाच प्रश्न. राधिका वही घेऊन सैपाकखोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसली. मॅडमनं तिला नको म्हणलं व्हतं, पण ऐकंल ती राधिका कसली.

"काकू, वाढदिवस?"

पद्माबाईनं सांगितला, तारखेसकट.

"आवडता पदार्थ?"

"शेंगदाण्याचा कूट आन् भाकर. कुटात गूळ घालून."

"मैत्रीण?"

"आकांक्षा. त्यांचं घर पुण्याला गेलं."

"आवडता खेळ?"

"सागरगोटे."

सगळं सपाट आवाजात, पातेल्यात पळी फिरवत. राधिका जीभ बाहेर काढून लिहून राहिली. मग पाचवा.

"मोठेपणी काय व्हायचं व्हतं ताईला?"

पळी थांबली. पद्माबाई पातेल्यात बघत राहिली. खिचडीला बुडबुडे येऊन राहिले.

"म्हाईत न्हाई," ती म्हणली. "म्या इचारलंच न्हाई कधी. हळदीच्या रानात असायचे, अंधार पडला की घरी. खाऊ घालायचे आन् झोपवायचे. इचारायचं राहूनच गेलं."

"मग काय लिहू?"

"जागा सोड, बाई."

राधिकेनं जागा सोडली. पण तिला अर्धवट वही बघवत न्हाई. उठता उठता म्हणली, "काकांना ठाऊक असंल. इचारा ना घरी." जसं काही त्या घरात कुणी कुणाला काही इचारत व्हतं!

दुसऱ्या दिवशी पद्माबाई आली ती गप्प. म्हणजे रोजच गप्प, पण हे गप्प येगळं व्हतं. तांदूळ धुताना आपणहून म्हणली, "म्या सकाळी त्याला इचारलं."

"काय?"

"पोरीला काय व्हायचं व्हतं ते. तिचं नाव घेऊन इचारलं. राधिकेच्या वहीत जागा मोकळी हाय म्हणलं."

"मग?"

"भाकर तशीच टाकून मागच्या दारानं गेला."

मी प्रेमानंदाला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की आता सांगितल्या तर जीभ झडंल. खुशाल जा म्हणलं, चिखलात पड.

दुपारी पोरं ताटं घेऊन रांगेत बसली. मी वाढायला पातेलं उचलणार, तेवढ्यात दारात सावली पडली. प्रेमानंद. कामावरून तसाच आलेला, कोपरापर्यंत सिमेंट. अकरा वर्सांत त्यानं शाळेच्या फाटकात पाय ठेवलेला न्हाई, बुद्धभूषणचा दाखला न्यायला बी पद्माबाईच आलती. तो तिच्याकडं न बघता रांगेकडं बघत म्हणला, "ती वहीवाली कोण?"

राधिका उठली.

"लिव," तो म्हणला. "कंडक्टर."

राधिका वही आणायला पळाली. तो बोलतच राहिला, कुणाशी ते त्याला बी ठाऊक नसावं. "मंगळवारी कळमनुरीच्या बाजाराला न्यायचो एसटीनं. बाई कंडक्टर व्हती एक. तिच्या शेजारची जागा सोडायची न्हाई ही. घरी आलं की मला बाजेवर बसवायची, आन् माझीच जुनी तिकिटं मलाच द्यायची. सुटे द्या म्हणायची. सुटे नसले तर खाली उतरवायची मला, बाजेवरून. रोज. ही रानातून यायच्या आधी."

"तुमाला सांगितलं?" पद्माबाई म्हणली.

तो हातावरचं सिमेंट खरवडत राहिला.

"तुमाला म्हाईत व्हतं? अकरा वर्सं तुमाला म्हाईत व्हतं?" तिचा आवाज चढला. सात वर्सांत तो आवाज म्या ऐकला नव्हता, वर्गातून मॅडम बाहेर आल्या. "माझी लेक व्हती ती! सगळं नदीला सोडलं, काही ठेवलं न्हाई मला, आन् हे एवढं तुमी एकट्यानं ठेवून घेतलं? मला काहून न्हाई दिलं?"

"तोंडातून निघत नव्हतं, पद्मा," तो म्हणला. "नाव घेतलं की मरतो का काय असं व्हायचं मला."

ती मटकन तांदळाच्या पोत्यावर बसली आन् रडली. हुंदके न्हाई, गुरासारखा हंबरडा. "दीक्षे, माझी बाय, दीक्षे," करत, पोरांच्या देखत, कपाळ बडवत. तो तिच्यापुढं उकिडवा बसला, सिमेंटाचे हात कुठं ठेवावे ते त्याला कळंना. मग तो बी म्हणला, "दीक्षा." एकदाच.

मला इतके दिवस वाटायचं, हिला रडू आलं की माझ्या जीवाला थंडावा मिळंल. मिळाला न्हाई. साठ लेकरं रिकाम्या ताटांवर हात ठेवून बसलेली. राधिका वहीत लिहून घेऊन खाली मान घालून उभी. मी झारा घेतला, खिचडी बुडाला लागली व्हती, वरची वरची काढून पोरांना वाढायला लागले.